नवा माणूस पुढे

बूट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या लक्षात गिऱ्हाइकाचं तोंड राहत नाही, तळवा राहतो. खिळ्याचं तसंच होतं. रस्त्यात कोणी ओळखीचं हसलं की तो आधी त्याच्या पायांकडे बघायचा, ‘हां, डावी टाच बाहेरून झिजवणारे’ असं मनाशी म्हणायचा आणि मग हसायचा. त्याचं खरं नाव दुकानावरच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडाला होता आणि ते वाचायची कोणाला गरजही पडत नव्हती. शाळेपासून तो अंगाने काडीसारखा, पुढे धंद्यामुळे चार-सहा खिळे कायम ओठांत धरलेले. त्यामुळे हे नाव दोन्हीकडून पक्कं झालं.

दुकान एका अरुंद गल्लीत, झेरॉक्सवाला आणि फुलवाली यांच्या मधोमध. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने फुलं बघत थांबायचं. दुकानात दुसरी एक पाटी होती, आणि तिचा रंग मात्र खिळ्या दरवर्षी स्वतः उजळायचा. ‘सोल लावल्यावर चोवीस तासांच्या आत बूट मागू नयेत. मागितल्यास मिळणार नाहीत.’ यात आढ्यता काही नव्हती. नवा सोल सोल्यूशनने चिकटवला, ठोकला आणि शिकंज्यात आवळला की पुरता एक दिवस आणि एक रात्र त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही, म्हणजे तो वर्षानुवर्षं हलत नाही. एकदा ऐन लग्नाच्या दिवशी आलेल्या नवरदेवाला त्याने चपलांवर परत पाठवलं होतं. ही गोष्ट गल्लीत अजून सांगतात, आणि कोणी सांगू लागलं की खिळ्या मान खाली घालून फार कामात असल्यासारखा दिसतो.

तर हाच माणूस एका रविवारी पहाटे साडेपाचला खाटेच्या कडेला बसून मोजे चढवत होता आणि बायकोला सांगत होता, “मी जरा डोंगरात जाऊन येतो.”

“कुठल्या डोंगरात?”

“ते आपल्या नकाशाबरोबर. त्यांची ती वर्षाची चाल आहे ना आज.”

बायको उठून बसली. तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. गेली बावीस वर्षं हा नकाशा नावाचा मित्र दर वर्षी आमंत्रण द्यायचा, आणि गेली बावीस वर्षं नवरा तेच सांगायचा की दुकान आहे, रविवारीसुद्धा काम पडलेलं असतं, तुम्ही जाऊन या.

“एकतीस किलोमीटर आहे म्हणतात,” ती म्हणाली.

“बघू.”

“आणि पिशवीत काय भरलंयस एवढं? खणखणतंय.”

“डबा,” खिळ्या म्हणाला आणि बाहेर पडला.

आता पिशवीत काय होतं आणि हा एकाएकी डोंगराच्या प्रेमात का पडला, ते सांगून टाकलेलं बरं. नकाशाने आपले चालायचे बूट नवे सोल लावायला सोमवारीच दिले होते. जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढणारा माणूस, म्हणून नकाशा; उंच, मोठ्या आवाजाचा, पाय जमिनीवर ठेवताना उजवी टाच थोडी ओढणारा. बूट घेऊन खिळ्याने फळीवर ठेवले, फळीवरून ते मागे घसरले, आणि खिळ्या ते साफ विसरला. आठवलं शनिवारी सकाळी. त्याने तसेच घाईने सोल लावले आणि शिकंजे आवळले. संध्याकाळी पाचला नकाशा दारात. खिळ्याला म्हणता आलं असतं की बाबा, विसरलो, उद्या जुने घालून जा. पण चोवीस तासांची पाटी डोक्यावर लटकत होती, बाहेर फुलवाली ऐकत होती, आणि आपण विसरलो हे वाक्य त्याच्या तोंडून आयुष्यात कधी निघालं नव्हतं.

“मंगळवारीच लावलेत,” तो म्हणाला, आणि जेमतेम नऊ तास झालेले बूट शिकंज्यातून काढून त्याने मित्राच्या हातात दिले.

रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. त्या वाटेवर एक धार आहे हे त्याला नकाशाच्या गप्पांमधून पाठ होतं. दोन्ही बाजूंना सरळ खाली गेलेला डोंगर, मधे दोन पावलं जेमतेम मावतील अशी वाट, आणि ती अर्धा-पाऊण तास चालायची. तिथे सोल सुटला तर? नकाशाच्या घरी जाऊन खरं सांगणं हा एक उपाय होता. दुसरा उपाय म्हणजे स्वतः मागोमाग जाणं, सोलवर नजर ठेवणं आणि वेळ पडली तर तिथल्या तिथे टाके घालणं. पहिल्या उपायाला पाच मिनिटं लागली असती, दुसऱ्याला एकतीस किलोमीटर. खिळ्याने दुसरा निवडला, यावरून माणूस किती हट्टी असतो ते कळावं.

शाळेच्या फाटकाशी तिघं जमले होते. नकाशा गळ्यात नकाशाची नळी अडकवून उभा. त्याची आतेबहीण, जिला सगळे ताई म्हणायचे, इस्पितळात नर्स, पाय नेहमी सरळ पडणारे आणि बूट सात वर्षं टिकवणारी. आणि बेकरीवाला, त्यांच्यात सगळ्यांत धाकटा आणि सगळ्यांत जाडा, चवड्यांवर चालायची सवय, त्यामुळे सोलचा पुढचा भाग आधी झिजवणारा. खिळ्याला येताना बघून बेकरीवाल्याने हातातला पाव खाली ठेवला.

“दुकानाला आग लागली का?” ताईने विचारलं.

“नाही. म्हटलं, यावं या वेळी.”

नकाशा पुढे आला. त्याने नुसतं खिळ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात तिथे जरा जास्तच वेळ राहिला. खिळ्या त्या वेळी खाली बघत होता. बुटांचे सोल अजून जागेवर होते.

“चला तर,” नकाशा म्हणाला. “नवा माणूस पुढे.”

“म्हणजे?”

“आमचा नियम आहे. नवा माणूस सगळ्यांच्या पुढे चालणार, त्याच्या चालीने बाकीचे चालणार, त्याला कोणी ओलांडायचं नाही. आणि मी सगळ्यांच्या मागे.”

मागे राहून बूट बघायचे हा त्याचा सगळा बेत होता, आणि इथे बूट सगळ्यांच्या मागे नि तो सगळ्यांच्या पुढे. “मी आपला मागे राहतो,” तो म्हणाला. “मला सवय नाही, तुमचा खोळंबा होईल.”

हे ऐकून नकाशा का कोण जाणे एकदम हसला. “तेच तर,” तो म्हणाला आणि त्याने खिळ्याला दोन्ही खांद्यांना धरून वाटेवर पुढे उभं केलं.

पहिली टेकडी सोपी होती. ऊन कोवळं, वारा अंगाला गोड लागणारा, गवत कमरेइतकं आणि त्यातून पायवाट. कोणाही शहाण्या माणसाला मजा आली असती. खिळ्याला मात्र दर पन्नास पावलांवर नाडी बांधायची होती. तो खाली वाकायचा, दोन पायांमधून मागे बघायचा, ताई आणि बेकरीवाल्याच्या पायांच्या फटीतून नकाशाचे बूट दिसतात का बघायचा, आणि उठायचा. सहाव्या वेळी बेकरीवाला म्हणाला, “खिळेदादा, गावभर नाड्या विकता, एक चांगली स्वतःला ठेवायची.”

मग खिळ्याने उलटं चालून बघितलं. गप्पा मारायला बरं पडतं, असं कारण सांगितलं. वीसेक पावलं तो सगळ्यांकडे तोंड करून मागे मागे सरकत गेला, आणि मग एका झुडपात बसला. झुडपाला काटे होते. ताईने पिशवीतून चिमटा काढला आणि काटे काढता काढता विचारलं, “तुला काही होतंय का?”

“छे. हवा किती छान आहे.”

“हवा समोरसुद्धा आहे,” ताई म्हणाली. “समोर बघून चाल.”

पहिल्यांदा नीट बघायला मिळालं ते दगडी कुंपणापाशी. कुंपण चढून पलीकडे उतरायचं होतं. खिळ्या म्हणाला, माझं धाडस होत नाही, आधी नकाशाने चढून दाखवावं. नकाशा खूश होऊन पुढे झाला आणि कुंपणावर चढला, तसे दोन्ही तळवे खिळ्याच्या नाकासमोर आले. डावा ठणठणीत. उजव्याला आतल्या बाजूने, चवड्याच्या जरा मागे, एक फट. केस मावेल एवढी. दुसऱ्या कोणाला दिसलीही नसती, पण खिळ्याला ती दरवाजाएवढी दिसली.

दुसऱ्या टेकडीच्या माथ्यावर ते संत्री खायला बसले. खाली आपलं गाव दिसत होतं, घरांची छपरं, शाळेचं पटांगण, आणि नकाशाने बोट दाखवून सांगितलं म्हणून, खिळ्याची गल्लीसुद्धा. इतक्या वर्षांत खिळ्याने आपली गल्ली वरून कधी बघितली नव्हती. ती बोटभर होती. एवढ्याशा जागेत माणूस तीस वर्षं कसा मावतो, याचं त्याला नवल वाटलं.

नकाशाने संत्रं सोललं आणि पहिली फोड खिळ्याच्या हातावर ठेवली. मग घसा साफ केला. “मला भाषण येत नाही,” तो म्हणाला, म्हणजे आता भाषण होणार हे सगळ्यांना कळलं. “पण बावीस वर्षं मी याला बोलावतोय. नंतर नंतर तर सवय म्हणून बोलवायचो, येणार नाही हे माहीत होतं. काल बूट घेताना तर मी विचारलंही नाही. आणि आज हा न बोलावता आला. मला काय वाटलं ते सांगता येत नाही.”

“मग नको सांगू,” ताई म्हणाली, पण मऊपणाने.

खिळ्याने संत्र्याची फोड तशीच हातात धरली. आता सांगावं, आत्ताच सांगावं, असं त्याच्या मनात आलं. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात बेकरीवाल्याने त्यात पावाचा तुकडा कोंबला आणि म्हणाला, “दादा, हा आज पहाटेचा आहे, आधी चव बघा.” पाव खरोखर सुरेख होता. तो गिळून होईपर्यंत नकाशा उठला होता आणि सांगायची वेळ गेली होती. खरं तर वेळ गेली नव्हती, धीर गेला होता, पण खिळ्याने दोष पावाला दिला.

तिसऱ्या टेकडीच्या पायथ्याशी ओढा लागला. पाणी घोट्याएवढं. ताजं सोल्यूशन आणि पाणी यांचं वैर खिळ्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तो थेट आडवा उभा राहिला. “नकाशा, तू पाण्यात पाय घालू नकोस.”

“का?”

“सर्दी होईल.”

“पायाने?”

खिळ्या ओढ्याकडे वळला. त्याने दगड उचलायला सुरुवात केली. एकेक दगड आणून त्याने ओढ्यात रांगेने ठेवला, हलवून बघितला, खाली चपटा दगड सरकवला. स्वतः गुडघ्यापर्यंत भिजला, पण दहा मिनिटांत नकाशासाठी पूल तयार झाला. बेकरीवाला आणि ताई तोवर पाण्यातून पलीकडे जाऊन उभे होते आणि हसून हसून एकमेकांना धरत होते. नकाशा पहिल्या दगडावर आला, दुसऱ्यावर आला, आणि तिसऱ्यावर त्याला शाळेतला चावटपणा आठवला. त्याने दोन्ही पाय जोडून पाण्यात उडी मारली. पाणी चौघांच्याही अंगावर उडालं.

“आता तरी सुटा झालास का?” नकाशा म्हणाला. “सकाळपासून बघतोय, परीक्षेला आल्यासारखा चाललायस.”

सुटं होण्याचा शब्द खिळ्याच्या काळजात गेला. चढावर त्याने पुन्हा नाडीचं निमित्त केलं आणि नकाशाला जवळ येऊ दिलं. फटीत आता नख मावलं असतं.

एकटा असता तर तो जागेवर बसून रडला असता. ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तो चालत राहिला. आणि एक गंमत अशी की चालताना त्याचे पाय चांगले चालले होते. चार तास झाले तरी दम लागला नव्हता, पोटऱ्या तेवढ्या भरल्या होत्या. बाकीचे त्याच्या चालीने चालत होते, मागून कोणी घाई करत नव्हतं, कोणी उसासा टाकत नव्हतं. हे सगळं आपल्याला आवडलं असतं, असं त्याला वाटलं. आवडलं असतं, जर आपण खरोखर आलो असतो.

दुपारी एकच्या सुमाराला ते धारेच्या तोंडाशी पोचले. तिथे एक सपाट कातळ होता, नेहमीची जेवायची जागा. धार समोर दिसत होती. नकाशाने वर्षानुवर्षं वर्णन केलं होतं त्यात त्याने काहीच वाढवून सांगितलं नव्हतं, आणि नकाशाच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. दोन्हीकडे डोंगर कापल्यासारखा खाली गेला होता आणि खाली झाडं हिरव्या ठिपक्यांसारखी दिसत होती. बेकरीवाल्याने पाव आणि उकडलेली अंडी काढली. नकाशाने पाय पसरले आणि उजवा बूट सहज डाव्यावर ठेवला. फटीत काडी गेली असती.

“नकाशा,” खिळ्या म्हणाला. “बूट काढ.”

“जेवताना?”

“काढ. सोल सुटतोय.”

तिघंही त्याच्याकडे बघायला लागले. खिळ्या एका दमात बोलत गेला. बूट फळीमागे पडले, मी विसरलो, काल सकाळी लावले, नऊ तास झाले होते, मंगळवार म्हटलं ते खोटं, ओढ्याने उरलंसुरलं केलं. “धारेवर सुटला असता,” तो म्हणाला. “मला रात्रभर तेच दिसत होतं. म्हणून आलो.”

नकाशाने बूट काढला. त्याने फट बघितली, अंगठ्याने दाबून बघितली, आणि बूट खिळ्याच्या पुढ्यात ठेवला.

खिळ्याने पिशवी उघडली. आतून आधी हातोडी निघाली, मग आरी, मग मेण चोळलेल्या दोऱ्याचं रीळ, मग जाड सुया, आणि शेवटी दोन्ही हातांनी त्याने बूट ठोकायचा लोखंडी पाय बाहेर काढला. बेकरीवाला आ वासून बघत राहिला.

“दादा, हे घेऊन तुम्ही सतरा किलोमीटर चढलात? मला वाटलं जेवणाचा डबा आहे.”

“डबा विसरलो,” खिळ्या म्हणाला.

ताईने दोन अंडी आणि अर्धा पाव त्याच्याजवळ सरकवला. तो मात्र कामाला लागला होता. सोल नुसता दाबून भागणार नव्हतं, कडेने पुरता शिवायला हवा होता. आरीने भोक पाडायचं, दोन्ही बाजूंनी सुई घालायची, दोरा ओढून आवळायचा. एकेक टाका. हात चालू लागले तसं त्याचं मन जरा जागेवर आलं. उजवा झाला, मग त्याने न विचारता डावाही घेतला. पाऊण तास लागला. इतक्या सुरेख जागी बसून त्याने कधी काम केलं नव्हतं, पण त्याने मान वर करून बघितलं नाही.

बूट पुढे ठेवताना तो म्हणाला, “आता दहा वर्षं हलणार नाही.”

नकाशाने बूट चढवले, नाड्या बांधल्या. मग खाली बघतच म्हणाला, “म्हणजे तू बुटासाठी आलास.”

“हो,” खिळ्या म्हणाला. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

“बरं.”

एवढंच. विसरल्याबद्दल नकाशा एक अक्षर बोलला नाही, खोटं बोलल्याबद्दल नाही, मान मोडली असती त्याबद्दलही नाही. तो उठला, नकाशाची नळी गळ्यात घातली आणि मागच्या जागी जाऊन उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर खिळ्याला फार बरं वाटलं असतं.

धारेवर नवा माणूस पुढे होता. डावीकडे बघावं तर दरी आणि उजवीकडेही तेच, म्हणून खिळ्या नाकासमोर बघत एकेक पाऊल टाकत गेला. एकदाही त्याने नाडी बांधली नाही. मागे वळून बघायची गरजच उरली नव्हती. टाके त्याचे स्वतःचे होते. पाऊण तासाने धार संपली आणि रुंद उतार लागला, तेव्हा बेकरीवाला मागून म्हणाला, “दादा, पहिल्याच वेळी हातापायांवर न रांगता आलात. मी रांगत आलो होतो.” कोणी हसलं नाही. बेकरीवाला बिचारा पुढे पावाबद्दल बोलत राहिला.

उतार संपला तिथे डांबरी सडक होती आणि सडकेवर पत्र्याची एक शेड. बसचा थांबा. वीस किलोमीटर झाले होते, अजून अकरा राहिले होते. शेडच्या खांबाला वेळापत्रक चिकटवलं होतं. नकाशाने ते वाचलं, घड्याळ बघितलं.

“चार वाजता बस आहे,” तो म्हणाला. “गावात शाळेच्या फाटकाशीच सोडते. तुझं काम तर झालं.”

बोलला ते चांगल्या आवाजात, रागाने नाही. मग तो सडकेपलीकडे जाऊन एका दगडावर बसला आणि नकाशा उलगडून बघू लागला. बावीस वेळा चाललेली वाट बघायला त्याला नकाशा कशाला लागत होता ते देवाला ठाऊक.

चारला दहा मिनिटं होती. खिळ्या शेडमधल्या बाकावर बसला. पाय ठणकत होते, खांद्याला पिशवीचा पट्टा रुतला होता. जायला हरकत काहीच नव्हती. ताई येऊन शेजारी बसली, तिने फ्लास्कमधला चहा झाकणात ओतून दिला.

“तो फार चिडलाय का?” खिळ्याने विचारलं.

“चिडला असता तर बोलला असता. त्याचं तोंड कधी बंद असतं का.” ती जरा थांबली. “तू पहिल्या वर्षी काय म्हणाला होतास आठवतंय?”

“दुकान आहे म्हणालो असेन.”

“ते दुसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षी म्हणालास, मला तुमच्याएवढं चालवणार नाही, मी मागे राहीन, तुम्ही सगळे वाट बघत बसाल, तुमचा खोळंबा होईल. मी तिथेच होते, तुझ्या दुकानात, सँडल शिवायला आले होते.”

खिळ्याला ते सँडल आठवले. तपकिरी, बंद तुटलेले. बोललेलं आठवलं नाही.

“त्याच संध्याकाळी याने नियम काढला,” ताई म्हणाली. “नवा माणूस पुढे. त्याला ओलांडायचं नाही, त्याच्या चालीने चालायचं, म्हणजे तो मागे राहूच शकत नाही. मला म्हणाला, आता याला सबबच राहत नाही. पुढच्या रविवारी आम्ही निघालो तेव्हा तू आला नाहीस. मग पुढे मी चालले. नंतर कोणकोण आले, गेले, बेकरीवाला आला, सगळे पुढे चालले. नियम तुझ्यासाठी केलेला, वापरला बाकीच्यांनी.”

खिळ्या चहा प्यायचा विसरला. सडकेपलीकडे नकाशा मान खाली घालून बसला होता. इथून त्याचे तळवे दिसत होते, आणि खिळ्याच्या हातचे पांढरे टाके कडेने सरळ रांगेत उठून दिसत होते. बावीस वर्षं या माणसाचे बूट त्याच्या हातात होते. उजवी टाच ओढतो हे माहीत होतं, कुठल्या वर्षी पाय मुरगळला होता तेही त्याने झिजेवरून ओळखलं होतं. ही एवढी गोष्ट मात्र कळायची राहून गेली होती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी इतका आनंद झाला की काय करावं कळेना.

वळणावरून बस आली, थांब्यापाशी थांबली आणि दार उघडलं. चालकाने वाकून बघितलं.

“येताय का?”

“नाही,” खिळ्या म्हणाला. “आम्ही चालतोय.”

दार मिटलं. बस गेली तेव्हा सडकेपलीकडे नकाशा उभा होता. बसच्या आडून काय दिसेल याची तयारी करून उभं राहिल्यासारखा दिसत होता. खिळ्याने पिशवी उचलली, लोखंडी पायासकट, आणि सडक ओलांडून तो त्याच्यासमोरून गेला, वाट जिथे पुन्हा चढायला लागत होती तिथे, सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

“चला,” तो म्हणाला. “खोळंबा कोण करतंय?”

बेकरीवाल्याने पिशवी मागितली, त्याने दिली नाही. मग ताईने मागितली, तिला हातोडी दिली. चौघं चालू लागले. पुढची टेकडी बुटकी होती, ऊन कललं होतं, गवतावर लांब सावल्या पडल्या होत्या. खिळ्याने नाडी बांधली नाही, मागे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, पावलांचे आवाज त्याच्या ओळखीचे होते. सरळ पडणारी ताईची, चवड्यांवरची बेकरीवाल्याची, आणि सगळ्यांच्या मागे एक टाच ओढत येणारी. बराच वेळ ती नुसती येत राहिली.

मग टेकडीच्या माथ्याजवळ मागून मोठा आवाज आला, सकाळच्यासारखाच मोठा.

“खिळ्या, पुढच्या वर्षी मी नवेकोरे बूट घेणार आहे. कारखान्यातले. तू हातसुद्धा लावायचा नाहीस. बघू मग येतोस का.”

“घे,” खिळ्या वर चढता चढता म्हणाला. “मी येतो.”

माथ्यावर आल्यावर खाली गाव दिसलं. अजून सहा किलोमीटर होते. खिळ्याने आपली बोटभर गल्ली शोधली, ती सापडली, आणि तो त्याच चालीने उतरायला लागला.